गाडीतला दुसरा दांडा

शहनाझ परकारच्या जुन्या पांढऱ्या गाडीत दोन दांडे होते. एक गिअरचा, सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्या शेजारचा दुसरा आखूड, काळ्या मुठीचा. पहिल्यांदाच गाडीत बसणारी बाई त्याच्याकडे बोट दाखवून विचारायचीच, "हा कशाला गं?" आणि शहनाझ दर वेळी तितक्याच हौसेनं सांगायची.

"हा ओढला की चारही चाकं कामाला लागतात. नाही ओढला तर फक्त मागची दोन. काही गाड्यांत चारही चाकं कायमच चालू असतात, फुल-टाइम म्हणतात त्याला. त्यांच्यात पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये एक यंत्र असतं. वळणावर पुढच्या चाकांना लांबचा फेरा पडतो, मागच्यांना कमी. ते यंत्र दोघांना आपापल्या चालीनं जाऊ देतं. माझ्या गाडीत ते नाही. दांडा ओढला की पुढची-मागची एकमेकांना बांधली जातात. वाळूत चाक थोडं घसरून घेतं, म्हणून चालतं. सुक्या डांबरावर घसरायला जागाच नाही, तिथं आतली यंत्रं एकमेकांशी भांडायला लागतात. म्हणून वाळूत लावायचा, डांबरावर काढायचा."

ऐकणाऱ्या बाईला यातलं अर्धं कळायचं. पण शहनाझच्या तोंडून ऐकताना तिला वाटायचं, आपणही हे शिकू शकू.

शहनाझ हर्णैची. तिचे वडील बंदरावर जीप चालवायचे. होड्या लागल्या की थेट किनाऱ्यावरच्या ओल्या पुळणीत उतरून मासळीच्या पाट्या भरायच्या आणि दापोलीला पोचवायच्या, हा धंदा. लहानगी शहनाझ शेजारच्या सीटवर बसायची आणि त्यांनी मान हलवली की दोन्ही हातांनी तसाच दांडा ओढायची. वर रस्ता लागला की परत ढकलायची. विसरली तर वडील ओरडायचे नाहीत, नुसते गाडी थांबवून वाट बघत बसायचे. मागून बैलगाड्या खोळंबायच्या, लोक शिव्या घालायचे आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. त्यामुळे ती विसरायची नाही.

लग्न होऊन ती अबू धाबीला आली. नवरा जहूर बंदराच्या एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात होता. माणूस साधा, प्रेमळ, कुणालाही नाही म्हणताना घसा कोरडा पडणारा. मुलं झाली, यम्ना आणि फैज. मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलाचा वरचा मजला भाड्यानं घेतला. शेजारच्या अमिराती आजोबांनी नवी गाडी घेतली आणि जुनी अंगणात उभी राहिली, तेव्हा शहनाझनं जहूरला सांगितलं, "मला ती पाहिजे." तेव्हाही जहूर नाही म्हणाला नाही.

त्या गाडीचं खरं काम सुरू झालं ते सासूमुळे. मैमुनाबी, जहूरची आई, एका हिवाळ्यात दाभोळहून कायमच्या राहायला आल्या. मॉल पाहिले, मोठी मशीद पाहिली, नातवंडांचे लाड करून झाले, आणि मग एका सकाळी चहाचा कप हातात धरून त्या म्हणाल्या, "अगो, लोक म्हणतात हे वाळवंट. मग वाळू खंय? मला तर नुसत्या काचा दिसतात."

त्याच शनिवारी शहनाझनं त्यांना गाडीत घातलं आणि अल खातिमच्या पुढे नेलं. चाकं रुतू नयेत म्हणून टायरमधली हवा कमी केली, दांडा ओढला आणि पहिल्या टेकाडावर गाडी नेऊन उभी केली. मैमुनाबी खाली उतरल्या. त्यांनी चपला काढल्या. पावलं वाळूत खुपसली. मग म्हणाल्या, "थंड आहे गो वाळू!" आणि लहान पोरीसारख्या हसल्या.

पुढच्या शनिवारी खालच्या मजल्यावरची सुरैय्या आली. मग शाळेतल्या दोन बाया. मग दुबईहून, अल बर्शातून अनुपमा आली, तिची पुण्याहून आलेली आई मुक्ताबाई हिला घेऊन. अनुपमा एका मोठ्या कंपनीत एचआरमध्ये, रोज मोठमोठ्या मीटिंगा करणारी. पण वाळूत गाडी घालायची म्हटल्यावर तिनं किल्ली परत शहनाझच्या हातात ठेवली. शहनाझनं तिला शेजारी बसवून दोन हिवाळ्यांत चालवायला शिकवलं. ज्या बायांनी वर्षानुवर्षं हे वाळवंट हायवेच्या काचेतून पाहिलं होतं, त्या आता टेकाडाच्या उतारावर सतरंजी टाकून थर्मासमधला चहा पीत होत्या. कुणी गाणी म्हणायची, कुणी नुसती आडवी व्हायची. कुणाला काही सिद्ध करायचं नव्हतं. हिवाळा आला की शनिवार शहनाझचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

सगळ्यांना म्हणजे अनुपमाच्या नवऱ्यालाही. पण सुजीतनं त्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं.

सुजीत बँकेत चांगल्या हुद्द्यावर होता. माणूस वाईट नव्हता. कुणाला हॉस्पिटलात न्यायचं असेल तर पहिला धावणारा. पण त्या वर्षी त्यानं नवी कोरी फुल-टाइम गाडी घेतली, इंटरनेटवर रात्रंदिवस व्हिडिओ पाहिले, आणि मराठी मंडळाच्या हिवाळी कॅम्पचं पुढारीपण आपणहून अंगावर घेतलं. कॅम्पच्या आधी त्यानं हॉलमध्ये सगळ्यांना बोलावून मोठ्या पडद्यावर एक प्रेझेंटेशन दाखवलं. एका बाजूला फुल-टाइम, दुसऱ्या बाजूला दांड्याच्या गाड्या.

"विंटरमध्ये रोड्स अनप्रेडिक्टेबल असतात," सुजीत सांगत होता. "सकाळी फॉग, मध्येच पाऊस, थोडा पॅच ओला, थोडा सुका. फुल-टाइमला काही सांगावं लागत नाही. गाडी स्वतः विचार करते. दांड्याच्या गाडीत ड्रायव्हरनं विचार करायचा, आणि ड्रायव्हर चुकतो."

शहनाझ दुसऱ्या रांगेत बसली होती. ती प्रामाणिक बाई. तिनं हात वर केला आणि म्हणाली, "रस्त्यापुरतं तुमचं बरोबर आहे, सुजीतभाई. अर्धा ओला अर्धा सुका रस्ता असला, घाट असला, तर तुमची गाडी माझ्यापेक्षा बरी. मला तिथं दांडा लावताही येत नाही आणि काढताही येत नाही. वाळूत मात्र—"

"थँक यू, भाभी!" सुजीतनं तिला मध्येच तोडलं. "ऐकलंत? खुद्द भाभी कबूल करतायत!" लोक हसले. टाळ्याही पडल्या. शहनाझचं वाळूबद्दलचं वाक्य तोंडातच राहिलं.

त्यानंतर त्यानं नियम वाचून दाखवले. दांड्याच्या गाड्या ताफ्याच्या शेवटी राहतील. आणि सेफ्टीसाठी त्या फक्त एक्सपिरियन्स्ड जेन्ट्स चालवतील.

हॉलमधल्या लोकांत दांड्याची गाडी एकट्या शहनाझचीच होती. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"म्हणजे माझी गाडी कोण चालवणार?" शहनाझनं विचारलं.

"जहूरभाई आहेत ना! तुम्ही आरामात मागे बसा, अम्मींशी गप्पा मारा. वर्षभर तुम्हीच चालवता, एक दिवस एन्जॉय करा."

जहूर आजवर दोनदा वाळूत शिरला होता आणि दोन्ही वेळा गाडी रुतवून बसला होता. फावडं घेऊन चाकं मोकळी केली होती शहनाझनं. हे जहूरला माहीत होतं, शहनाझला माहीत होतं. ती त्याच्याकडे पाहत राहिली. आता तो म्हणेल, अरे बाबा, मला नाही येत, गाडी तिचीच आहे.

जहूरनं घसा खाकरला. "चालेल," तो म्हणाला.

घरी येताना गाडी शहनाझनंच चालवली. एकदा वाटलं, जायचंच नाही कॅम्पला. पण मैमुनाबींनी सगळ्यांसाठी घावन आणि खिमा करायचं कबूल केलं होतं, त्यांची तयारी चालली होती. म्हाताऱ्या माणसाचा हिरमोड कशाला करायचा, म्हणून ती गेली. यम्ना आणि फैज अभ्यासासाठी घरीच राहिले.

कॅम्पच्या सकाळी बारीक पाऊस होता. अल ऐनच्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर सगळ्या गाड्या जमल्या. मोठमोठ्या, चकचकीत, आत गरम सीटा असलेल्या. मुलं काचा खाली करून ओरडत होती. सुजीत हातात वॉकी-टॉकी घेऊन प्रत्येक खिडकीशी जात होता. प्रत्येक गाडीत एकेक सेट दिला होता. थोड्या वेळानं सेटवर त्याचा आवाज आला, "गाईज, रोड वेट आहे. फोर-व्हील ऑन ठेवा सगळ्यांनी. वाळू येईपर्यंत चेंज करायचं नाही. यल्ला, निघूया."

बाकीच्या गाड्यांना त्या हुकमाचा काहीच अर्थ नव्हता, त्यांची चारही चाकं चालूच होती. तो हुकूम लागू होता फक्त एका गाडीला. जहूरनं दांडा ओढला.

"ओल्यावर एक वेळ ठीक आहे," मागच्या सीटवरून शहनाझ म्हणाली. "पण रस्ता सुकला की काढा हं."

"हो, हो," जहूर म्हणाला.

अर्ध्या वाटेवर ढग फाटले. इथला पाऊस असाच, येतो कधी आणि जातो कधी ते कळत नाही. डांबरावरचं पाणी बघता बघता उडालं आणि रस्ता पांढरट, खडखडीत झाला.

"काढा आता," शहनाझ म्हणाली.

"सुजीतनं सांगितलंय, वाळू येईपर्यंत नाही."

"सुजीतच्या गाडीत दांडा आहे का? त्याला काय माहीत? अहो, काढा."

"एकदा ठरलंय ना सगळ्यांचं. आता मध्येच वेगळं कशाला?"

हायवे सोडून ते आतल्या रस्त्याला लागले. तिथं एकामागून एक गोल चौक. पहिल्या चौकाला जहूरला स्टिअरिंग फिरवायला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. चाकं किंचाळली आणि गाडी वळणावर लंगड्या माणसासारखी उडत उडत गेली. मागे घावनांचे डबे खडखडले.

शहनाझ दोन सीटांच्या मधून पुढे वाकली. "ऐकू येतंय ना? आत ताण चढलाय. आता दांडा सुटणारसुद्धा नाही सहज. बाजूला घ्या, थांबा, सरळ मागे घ्या थोडी. मागे घेतली की ताण उतरेल, मग काढता येईल."

"अख्खा ताफा थांबवू का तुझ्यासाठी?" जहूरचा आवाज चढला. तो घाबरला होता; घाबरला की त्याचा आवाज चढायचा.

मैमुनाबी म्हणाल्या, "जहूर, ऐक रे तिचं. तिला कळतं त्यातलं."

शहनाझनं पुढे हात लांबवून सेट उचलला. "सुजीतभाई, आम्हाला एक मिनिट थांबायचंय. गाडीला त्रास होतोय."

सेट खरखरला. "रिलॅक्स, भाभी! एन्जॉय द व्ह्यू. जहूरभाई सांभाळतायत." सेटवर कुणीतरी हसलेलंही ऐकू आलं.

पुढच्या चौकाच्या मधोमध गाडीच्या पोटातून असा आवाज आला की जणू कुणी लोखंडी पहारीचा घाव घातला. मग साखळी ओढल्यासारखी खरडण. गाडी हिसका देऊन थांबली. मैमुनाबींचं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं. लागलं नाही फारसं, पण त्यांच्या तोंडून "या अल्ला" निघालं, आणि त्या दोन शब्दांनी शहनाझचं डोकं तापलं ते थंड व्हायचं नाव घेईना.

ताफा थांबला. सुजीत लांब टांगा टाकत आला. वाकून गाडीखाली पाहिलं, तिथून तेलाची धार लागली होती. मग तो उभा राहिला आणि जमलेल्या लोकांना म्हणाला, "बघा. म्हणूनच मी सांगत होतो. ही सिस्टीमच आउटडेटेड आहे. सिलेक्टेबल म्हणजे हे असं." कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. उघड्या दारात उभी असलेली शहनाझ, खाली तेलाचं थारोळं.

"सिस्टीम नाही बिघडली," शहनाझ म्हणाली. "सुक्या डांबरावर दांडा लावून चालवली म्हणून मोडली. तुम्ही सांगितलंत, यांनी ऐकलं. मी काढा म्हणत होते." ती जहूरकडे वळली. "सांगा ना त्यांना."

सगळे जहूरकडे पाहायला लागले. जहूर आपल्या बुटांकडे बघत होता. 

"अहो भाभी, आता ब्लेम-गेम कशाला?" सुजीत समजुतीच्या सुरात म्हणाला. "कुणाची चूक काढायची ही वेळ नाही. तुम्ही आणि अम्मी आमच्या गाडीत या. जेवण थंड होईल."

चूक काढायची वेळ नाही! आत्ता अर्ध्या मिनिटापूर्वी यानंच सगळ्यांसमोर तिच्या गाडीची चूक काढली होती. शहनाझनं घावनांचे डबे काढून एकेक करून सुजीतच्या हातात दिले. "हे न्या. अम्मींनी केलेत, लोकांनी खायला पाहिजेत. मी माझ्या गाडीजवळ थांबणार."

"मी पण," मैमुनाबी म्हणाल्या आणि परत आत बसल्या.

अनुपमा धावत आली. "शहनाझताई, मी थांबते तुमच्याबरोबर." शहनाझनं तिला जायला सांगितलं; तिची आई पुढच्या गाडीत एकटी होती. अनुपमा गेली, पण जाताना नवऱ्याकडे तिनं असं पाहिलं की सुजीतनं उगाच सेटची बटणं दाबली.

गाडी उचलून न्यायला ट्रक आला. दुपारी मुसफ्फाच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकनं खालचं झाकण काढलं. पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारी साखळी तुटून तिच्या पेटीला भेग गेली होती. तो हात पुसत म्हणाला, "इसको टार पे फोर में किसने चलाया?"

शहनाझनं मुद्दाम उत्तर दिलं नाही.  पंखा फिरत होता, मेकॅनिक वाट पाहत होता.

"मैंने," जहूर म्हणाला.

त्या दिवशी तो एवढं एकच खरं बोलला, आणि तेही ज्याला काही फरक पडणार नव्हता अशा माणसापुढे.

संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर तो फोटो आला. खाली लिहिलेलं, 'व्हाय फुल-टाइम!' आणि हसून हसून रडणारे चेहरे. त्याखाली आणखी हसणारे चेहरे. फैजला राग आला, त्याला काहीतरी सणसणीत लिहायचं होतं. यम्ना म्हणाली, "मम्मा, जस्ट लीव्ह द ग्रुप. दे आर नॉट वर्थ इट."

"मी का जाऊ?" शहनाझ म्हणाली. "मी काय केलंय? ज्यानं केलं तो बसलाय तिथं राजासारखा, आणि मी जाऊ?"

तिनं रोजच्यासारखा स्वयंपाक केला, रोजच्यासारखं वाढलं. अबोला धरायची तिची रीत नव्हती. जेवण झाल्यावर मुलं आत गेली तशी ती जहूरसमोर बसली.

"गाडी मोडली त्याचं मला दुःख आहे," ती म्हणाली. "पण लोखंड आहे ते, मोडतं. मी सांगत होते आणि तुम्हाला ऐकू येत होतं. तरी तुम्ही ऐकलं कुणाचं? ज्यानं असा दांडा उभ्या जन्मात हातात धरला नाही, त्याचं."

"मी त्याला सगळ्यांसमोर काय बोलणार होतो?" जहूर म्हणाला. "एवढे लोक होते."

"मला मागे बसवलं ते सगळ्यांसमोरच ना? तेव्हा 'चालेल' म्हणायला लोकांची अडचण नाही आली."

जहूर पाण्याचा पेला फिरवत राहिला.

"तुम्हाला वाटतं तुम्ही कुणाला दुखवत नाही. पण तुम्ही दर वेळी ठरवता कुणाला दुखवायचं ते. जो ओरडेल त्याला नाही. जी गप्प बसेल तिला."

दाराशी मैमुनाबी उभ्या होत्या. त्या आल्या आणि लेकाच्या शेजारी बसल्या. "तुझे अब्बा पण असेच होते," त्या म्हणाल्या, "जगाशी गोड आणि घरात बहिरे. मी आयुष्यभर गप्प बसले रे. ही बसणार नाही. आणि मी तिला बस म्हणणार नाही."

नंतरचे काही दिवस जहूर खालमानेनं वावरत होता. शहनाझला त्याची दया येत होती आणि दया आली म्हणून आणखी राग येत होता.

कॅम्पचे फोटो दाखवायला आणि पुढच्या वर्षीचं ठरवायला मंडळाची बैठक अल बर्शात, सुजीतच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये होती. फोटो झाले, वडापाव झाले. मग जहूर उभा राहिला. शहनाझला त्यानं काही सांगितलं नव्हतं. त्यानं खुर्चीची पाठ धरली.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "आमची गाडी मोडली ती... ती माझ्यामुळे मोडली. शहनाझ रस्ताभर सांगत होती काढा, काढा. मी काढला नाही. मला वाळूत चालवता येत नाही. आजवर कधीच आलं नाही. त्या दिवशी मी 'चालेल' म्हणालो ते खोटं होतं. आणि तो फोटो टाकला त्यात तिची काही चूक नव्हती." तो थांबला, घाम पुसला आणि बसला.

 सगळ्यांची नजर आता सुजीतवर होती. सुजीत हसला, पण ते हसू नीट जमलं नाही. "ओके, ओके. थँक यू, जहूरभाई. थोडा कम्युनिकेशन गॅप झाला, दॅट्स ऑल. लेट्स मूव्ह ऑन."

शहनाझ उठली. "गॅप नव्हता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "गॅप म्हणजे माझा आवाज तुमच्यापर्यंत आला नसता तर. मी वॉकी-टॉकीवर बोलले, तुम्ही ऐकलंत आणि 'रिलॅक्स' म्हणालात. फुल-टाइम चांगली की दांड्याची, यावर माझं तुमच्याशी भांडणच नाही. ओल्या रस्त्याला तुमची चांगली, हे मी याच मंडळींसमोर कबूल केलं. तुम्ही त्यातलं अर्धंच ऐकलंत, कारण तेवढंच तुमच्या कामाचं होतं. पण मोडली गाडी आणि हसले लोक मला. का? मी कुणाची काय खोड काढली होती? माझ्या सासूचं कपाळ आपटलं, तुम्ही खाली वाकून तेल बघितलंत. तिला लागलं का, हे विचारलंत तरी?"

सुजीतनं फोटोंचा लॅपटॉप मिटला. खरंच, विचारलं नव्हतं.

"तो जेन्ट्सचा नियम काढून टाका," शहनाझ म्हणाली. "ज्याला येतं तो चालवेल. बाई असो, बाप्या असो."

"बघू, कमिटीत डिस्कस करू—"

"डिस्कस काय करायचं त्यात?" अनुपमा म्हणाली. ती नवऱ्याच्या शेजारीच बसली होती आणि तिथूनच बोलली. "सुजीत, मला वाळूत चालवायला यांनी शिकवलं. तुला तुझी गाडी पहिल्यांदा टेकाडावर चढवून मी दाखवली. हे तू इथं कुणाला सांगितलंस?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. या वेळी शहनाझला नाही. नियम गेला. सुजीतनं माफी मात्र मागितली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. फोटो ग्रुपवरून गुपचूप काढून टाकला, एवढंच. पुष्कळांनी शहनाझला सांगितलं, "झालं ना आता? खलास. सोडून दे." माफी न मागणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही, पण सोडून द्यायचा उपदेश मात्र जिला सोसावं लागलं तिलाच, हे तिला कधी पटलं नाही. तिनं सोडलं नाही. सुजीत भेटला की ती सलाम करते, चहा विचारते, त्यापलीकडे नाही.

जुन्या गाडीची पेटी मिळेना. मेकॅनिकनं बरीच शोधाशोध केली, शेवटी मान हलवली. शहनाझनं गाडी सुट्या भागांसाठी दिली आणि त्या दिवशी घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडली.

मग नवी पाहायला निघाली. तिनं आधीच ठरवलं होतं: फुल-टाइम, पण वाळूसाठी हळू गिअर असलेली आणि मधलं यंत्र बटणानं बांधता येणारी. मैमुनाबींना आता डोंगर बघायचे होते, रास अल खैमाच्या बाजूचे, आणि अलीकडच्या हिवाळ्यांत पाऊस पूर्वीपेक्षा जास्तच गाठत होता. शोरूममधला सेल्समन कोट घालून आला आणि जहूरला म्हणाला, "सर, आप के लिए बहुत ईझी है. मॅडम को भी कुछ सोचना नहीं पडेगा."

जहूरनं घसा खाकरला. शहनाझनं त्याच्याकडे पाहिलं.

"गाडी इनकी है," जहूर म्हणाला. "सोचना इन्हीं को आता है. इनसे बात करो."

शहनाझनं मग त्या सेल्समनला तासभर सोडलं नाही.

गाडी दारात आल्याची बातमी दुबईला पोचायला वेळ लागला नाही. सुजीतचा मेसेज आला, ग्रुपवर, सगळ्यांना दिसेल असा: 'वेलकम टू द क्लब, भाभी! शेवटी पटलं ना!'

यम्नानं तो वाचून दाखवला आणि आईच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मम्मा, प्लीज डोन्ट."

शहनाझनं फोन घेतला. तिला हळूहळू टाइप करायची सवय होती, ती हळूहळूच टाइप करत राहिली. 'सुजीतभाई, गाडीचं मला आधीपासून पटलेलं होतं, हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मला मागे बसवलंत ते पटलं नव्हतं. अजून पटलेलं नाही. शनिवारी डोंगराकडे जातोय. ज्या बायांना यायचंय त्यांनी मला कळवा.'

 मेसेजखाली आधी मुक्ताबाईंचा अंगठा आला. मग सुरैय्याचा. मग अनुपमाचा, आणि खाली तिनं लिहिलं होतं, 'मी येते. अर्धा घाट मला चालवायला द्याल का?'

शनिवारी रस्ता ओला होता. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता; डोंगराचा रस्ता उघडा असल्याची खात्री करूनच शहनाझ निघाली होती. वळणावळणाला कुठं पाणी, कुठं कोरडं, कुठं वरून वाहून आलेली बारीक खडी. गाडी एकदाही बिचकली नाही. खालच्या वळणांवर शहनाझनं चालवली, वरच्या वळणांवर अनुपमानं. मैमुनाबी खिडकीला नाक लावून बसल्या होत्या.

मुक्ताबाई मागून म्हणाल्या, "काय गं शहनाझ, छान जाते ही! मग आमचे जावई बरोबरच होते म्हणायचे की."

"गाडीच्या बाबतीत होते," शहनाझ म्हणाली. "त्याबद्दल भांडलं कोण? अनुपमा, पुढे पाणी दिसतंय, पाय उचल. ब्रेक नको, नुसता पाय उचल."

अनुपमानं पाय उचलला. गाडी पाण्यातून अलगद पार झाली, आणि वर आल्यावर ढगातून एकदम उन्हाचा झोत पडला तशा मैमुनाबी ओरडल्या, "थांबव गो, थांबव! मला उतरायचंय!"